हूंकाका आणि पलीकडचं टोक

आमची अख्खी इमारत मी एका मंगळवारी बंद पाडली, आणि तीसुद्धा टेबल आवरताना.

एरवी मी टेबल आवरत नाही. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्यात ज्याचं निम्मं आयुष्य गेलं त्याच्या टेबलाला हात लावायला झाडूवालीसुद्धा धजत नाही. त्या दिवशी मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे. पेन्सिलींची बुटकी टोकं फेकली, तीन वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा सापडला, आणि त्या भरात टेबलाखाली शिरलो. तिथं माझ्या पायांशी एक चपटी पेटी लुकलुकत होती. हिला स्विच म्हणतात हे मला नंतर कळलं. तोवर स्विच म्हणजे दिव्याचा, एवढंच माझं ज्ञान. पेटीला आठ भोकं. एका भोकातून निघालेली केबल जमिनीवर लोळत होती आणि तिचं दुसरं टोक मोकळंच होतं. म्हटलं, कुणाची तरी निघालेली दिसते. पेटीत एक भोक रिकामं होतं. टोक त्यात सरकवलं, टक् असा छान आवाज आला, आणि कुणाचं तरी भलं केल्याच्या आनंदात मी चहाला गेलो.

चहा अर्धा व्हायच्या आत वरच्या मजल्यावर आरडाओरडा सुरू झाला. नकाशे काढणाऱ्या मुलींचे पडदे गोठले. संपादकांना स्वतःचाच मजकूर उघडेना. रस्त्यापलीकडे आमचा छापखाना आहे, तिथं पानं पोचेनात म्हणून मशीन थांबलं. मी कप हातात घेऊन मजल्यामजल्यावर फिरलो आणि "काय ही व्यवस्था, कुणाला काही पडलेली नाही" असं दोघातिघांना ऐकवूनही आलो.

दोन तासांनी हूंकाका माझ्या टेबलाशी आले.

इमारतीतलं सगळं नेटवर्क हूंकाकांच्या हाती. नाव त्यांना आहे, पगाराच्या कागदावर ते छापून येतं, पण ते कुणी वापरत नाही. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर एकच, 'हूं'. आखूड 'हूं' म्हणजे हो. लांबवलेला म्हणजे नाही. शेवटी वर गेलेला म्हणजे 'असं कोण म्हणतं?' आणि नाकातल्या नाकात विरलेला म्हणजे 'तुम्हाला सांगून उपयोग नाही'. नवीन माणसाला हे चार प्रकार शिकायला सहा महिने लागतात.

"पाय," ते म्हणाले.

मी पाय वर घेतले. ते गुडघ्यांवर बसले, टेबलाखाली वाकले आणि मी लावलेलं टोक उपसलं. दहा सेकंदांत वरच्या मजल्यावरून "आलं, आलं" असा गलका ऐकू आला. काका बाहेर आले. हातातल्या केबलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ही तुम्ही लावलीत?"

"निघालेली दिसली म्हणून..."

"हूं." चौथ्या प्रकारचा.

माझा अपराध काय होता तो मला पुढे कळला. एकाच केबलीची दोन्ही टोकं मी एकाच पेटीत खुपसली होती. गल्लीतल्या एखाद्या बाईनं बातमी सोडावी, ती फिरून तिच्याच कानावर यावी, आणि ही नवीनच बातमी आहे असं समजून तिनं ती पुन्हा सगळ्यांना सांगावी, तसं पेटीचं झालं. स्वतःच पाठवलेला निरोप तिला परत मिळत होता, ती तो पुन्हा सगळ्या इमारतीला पाठवत होती. थोड्या वेळात त्या निरोपांचीच एवढी गर्दी झाली की दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही.

तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. बाई वाईट नाहीत. कुणाला उगीच बोलत नाहीत आणि बोलल्या तर ते उगीच नसतं.

"कुणी केलं हे?"

मी तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर फार सावकाश उघडलं.

"केबल माझी," काका म्हणाले. "इथं आधी बसणाऱ्या ताई खिडकीपाशी बसायला गेल्या, तेव्हाच ती उचलायला हवी होती."

हे खोटं नव्हतं, म्हणून तर माझी पंचाईत झाली. आता मध्ये पडून 'नाही, मी' म्हणावं तर काकांचं म्हणणं खोडल्यासारखं होणार, असं मी स्वतःला समजावलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

बाईंनी मग मनात साठलेलं सगळं तिथंच सांगून टाकलं. नवा नकाशासंग्रह सोमवारी छापायला जायचा होता. नकाशाचं एकेक पान म्हणजे प्रकरण जड. अकरा जण ती पानं सोमवारी दहा वाजता एकदम छापखान्यात पाठवणार. आणि आपली इमारत आणि छापखाना यांच्यामध्ये रस्त्याखालून जाणारी केबल एकच. आजच एकीनं पान पाठवलं की दुसरी चहा पिऊन परत येते, तरी ते पोचलेलं नसतं.

"सोमवारी असंच झालं, तर नेटवर्क मी बाहेरच्या कंपनीकडे देईन," बाई म्हणाल्या. "तुम्हाला घरी पाठवणार नाही. बावीस वर्षं झाली तुम्हाला. पण स्टोअरमध्ये बसावं लागेल."

त्यांनी पर्समधून स्टोअरची किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर काकांच्या समोर ठेवली.

स्टोअर म्हणजे तळघर. कागदाचे गठ्ठे, शाईचे डबे, डिंकाचा वास आणि एक खुर्ची. आमच्याकडे ज्याचं चुकतं त्याला तिथं बसवायची पद्धत आहे. आजवर तिघे गेले. एकानं तिथं बसून कोडी सोडवायची सवय लावून घेतली, एकजण निवृत्त झाला, आणि तिसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही.

काकांनी किल्ली खिशात टाकली. "हूं," म्हणाले. हा कुठला प्रकार ते मला ओळखता आलं नाही.

त्या आठवड्यात मला प्रुफात चुका दिसेनात. एका नकाशात समुद्र जमिनीवर आला होता, तोही माझ्या नजरेतून सुटला. काही निमित्त काढून मी काकांच्या खोलीत जाऊन बसू लागलो. जिन्याखाली त्यांची खोली. भिंतीला एक उंच लोखंडी घोडा, त्यावर एकाखाली एक पेट्या, आणि त्यांतून निघालेल्या शेकडो केबली. पण त्या अशा विंचरून बांधलेल्या की बघत राहावं. प्रत्येक केबलीला काकांच्या बारीक, गोल अक्षरातली चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडे नाहीत. 'खिडकी-ताई'. 'खोकला'. 'तिसरा मजला, रागीट'. 'स्टोअर'. 'जुने साहेब (गेले)'. माझ्या केबलीवर इतकी वर्षं 'प्रूफवाले' एवढंच होतं. मंगळवारनंतर त्यापुढे शाई अजून ओली असल्यासारखं 'सांभाळून' दिसलं.

"काका, काही मार्ग आहे का?"

"आहे." मग बऱ्याच वेळानं, "रस्त्याखालून केबली सहा आहेत. वापरात एक."

"मग बाकीच्या लावा की. चार लावल्या तर चौपट."

"नुसत्या लावल्या, तर पुन्हा तुमचा मंगळवार होईल."

मला ते कळायला वेळ लागला, पण कळलं. दोन पेट्यांमध्ये चार केबली नुसत्याच लावल्या, की निरोप इकडून जातो आणि तिकडून परत येतो, पुन्हा तीच वरात. पेट्यांना आधी सांगावं लागतं, की या चार केबली चार नाहीत, ही एकच मोठी केबल आहे असं धरून चला.

"मग सांगा पेटीला."

"दोन्ही पेट्यांना. एका टोकानं मानून चालत नाही." काकांनी छापखान्याच्या दिशेनं हनुवटी हलवली. "पलीकडच्या टोकानंही मानायला लागतं."

एवढं बोलून ते थकल्यासारखे झाले, म्हणून मी पुढे विचारलं नाही. पलीकडचं टोक ही काय भानगड आहे ते मला शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी कळलं.

गेलो होतो खरं तर काकूंना सांगायला, की चूक माझी होती. जिना चढतानाच वाक्य घोकत होतो. पण दार उघडून काकूंनी नुसतं 'बसा' असा हात केला, कारण त्या फोनवर होत्या. स्वयंपाकघराच्या टेबलाशी काका एक कागद घेऊन बसले होते आणि काकू उभ्या.

"हं ताई, लिहून घे," काकू फोनमध्ये म्हणत होत्या. "एकवीस ते चोवीस. अगं, भोकं. भाऊजींना कळेल. चारही मोकळी ठेवायला सांग. थांब हं... ते विचारतायत, वेग किती."

"सारखा," काका म्हणाले.

"सारखा म्हणे. चौघींचा सारखा. एक पळतेय, एक रांगतेय, असं नको. आणि या चौघींच्या गटाचा नंबर... अहो, गटाचा नंबर?"

"एक."

"एक. तिकडेही एकच ठेवा म्हणावं. बरं, तुझ्या गुडघ्याचं काय झालं?"

पुढची वीस मिनिटं गुडघ्यात गेली. मी चाट पडून ऐकत होतो. दोन इमारतींमधला तांत्रिक कारभार या दोन बहिणींच्या तोंडून चालला होता, आणि एक आकडा इकडचा तिकडे होत नव्हता.

पलीकडच्या टोकाला, म्हणजे छापखान्याच्या नेटवर्कवर, काकांचे साडू. काकूंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रस्त्याखालच्या त्या सहा केबली दोघांनीच टाकलेल्या. बावीस वर्षांपूर्वी एकानं या टोकाकडून ढकलायच्या आणि दुसऱ्यानं त्या टोकाकडून ओढायच्या. काकांना ही नोकरी साडूंनीच लावून दिली. काकूसुद्धा एका अर्थी त्यांनीच दाखवल्या, कारण केबली टाकून घामाघूम झालेल्या काकांना ते पाणी प्यायला घरी घेऊन गेले आणि पाणी द्यायला मेहुणी बाहेर आली.

"आणि आता तीन वर्षं बोलत नाहीत," काकू माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या. "भाऊजींनी नवं घर घेतलं. सगळ्या घरात केबल स्वतःच्या हातानं टाकली. मोठ्या हौसेनं बघायला बोलावलं. माझे आईबाबा, त्यांचे शेजारी, सगळे जमलेले. यांनी भिंतीवरून हात फिरवला, एका जागी थांबले आणि म्हणाले, 'उपटा.'"

"एवढंच?"

"एवढंच. अहो, 'छान आहे, पण उपटा' म्हणायला काय जात होतं?"

"विजेच्या तारांच्या पाइपातून घातली होती," काका कागदाकडे बघत म्हणाले.

"मग हे तिथं म्हणायचं होतंत. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. आणि काही असो, उपटली त्यांनी. दुसऱ्याच आठवड्यात."

काकांनी मान वर केली. "उपटली?"

"सगळी. नवीन पाइपातून घातली."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

"हूं," काका म्हणाले, आणि कागदाची घडी घालून उलगडून पुन्हा घातली. माझं घोकलेलं वाक्य त्या घडीतच कुठे तरी राहिलं. चहा पिऊन मी खाली उतरलो.

रविवारी कचेरी बंद, म्हणून काम त्या दिवशी. मदतीला मी गेलो. "काय करू?" विचारलं तर काका म्हणाले, "हात खिशात." म्हणून हात खिशात घालून मी खिडकीशी उभा राहिलो. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे छापखान्याची खिडकी, आणि तिच्यात साडूंची पाठ. खुर्ची त्यांनी मुद्दाम फिरवून ठेवली होती म्हणतात.

काकांनी आधी कळफलकावर पेटीला काय सांगायचं ते सांगितलं. मग एकवीस ते चोवीस या चार भोकांत चार केबली लावल्या. मी भोक म्हटलं की ते दुरुस्त करत, "पोर्ट." मग आम्ही दिव्यांकडे पाहत बसलो. पहिला दिवा हिरवा झाला. बाकीचे तीन नारिंगी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तीन नारिंगीच.

"म्हणजे?"

"जोडलं गेलं नाही. काम एकाच केबलीवर चाललंय. पूर्वीसारखं."

काकांनी प्रत्येक टोक काढून पाहिलं, पुसून लावलं. मग घरी फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून दिला, म्हणजे काकूंचा आवाज मलाही ऐकू येऊ लागला. काकूंच्या दुसऱ्या कानाला ताईंचा फोन. पोर्ट विचारले, बरोबर निघाले. वेग विचारला, बरोबर. गटाचा नंबर, बरोबर. काका बराच वेळ दिव्यांकडे बघत राहिले आणि मग एकदम खुर्चीत मागे टेकले.

"विचार," ते म्हणाले, "तिकडे 'बोल' ठेवलंय का 'ऐक'."

काकूंनी विचारलं. उत्तर फिरून आलं. "ऐक."

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"ऐक."

मग काका माझ्या माहितीतलं त्यांचं सर्वांत मोठं भाषण बोलले. केबली अशा एकत्र बांधायच्या तर दोन्ही पेट्यांना आधी एकमेकींशी बोलावं लागतं. मी अमुक, माझे चार पोर्ट तयार, तुझे आहेत का? पेटी दोन प्रकारे ठेवता येते. एक म्हणजे तिनं स्वतःहून विचारायचं. दुसरं म्हणजे समोरून कुणी विचारलं तरच उत्तर द्यायचं. दोन्ही बोलक्या ठेवल्या तरी चालतं, एक बोलकी आणि एक ऐकणारी ठेवली तरी चालतं.

"दोघी ऐकणाऱ्या असतील तर?"

"दोघी ऐकत बसतात."

मला हसू आलं, पण काकांचा चेहरा पाहून मी ते खोकल्यावर नेलं. पोर्टचे आकडे, वेग, गट, सगळं दोन बहिणींनी तंतोतंत पोचवलं होतं. पहिल्यांदा कोण बोलणार हे तेवढं कुणी कुणाला विचारलं नव्हतं. दोघांनी आपापल्या टोकाला बसून, न ठरवता, तेच एक उत्तर दिलं होतं.

"सोपं आहे की मग. एकानं बदलायचं."

"हूं. तिकडे सांग बदलायला," काका फोनला म्हणाले.

थोड्या वेळानं काकूंचा आवाज आला. "ताई म्हणते, ते म्हणतायत, तुम्हीच बदला."

"काम त्यांच्याकडूनही तेवढंच अडलंय म्हणावं."

"ते म्हणतायत, नकाशे इकडून तिकडे जायचेत. ज्याला पाठवायचंय त्यानं आधी बोलावं."

"घ्यायचंय त्यानं मागावं."

हे चार वेळा गेलं आणि चार वेळा आलं. पाचव्या वेळी काकू म्हणाल्या, "आता पुरे झालं. माझं तोंड दुखलं, ताईचा कान दुखला. आम्ही दोघी फोन ठेवतोय. तुमच्या पेट्या आणि तुम्ही." आणि खरंच ठेवला.

खोलीत नुसती पंख्यांची घरघर राहिली. काकांच्या सदऱ्याच्या खिशातून स्टोअरच्या किल्लीचं टोक बाहेर आलं होतं. ते मला काही बघवेना.

"काका, मी उद्या मॅनेजरबाईंना मंगळवारचं सांगून टाकतो."

"त्यानं केबली जोडल्या जातील?"

"नाही."

"मग."

मी पुन्हा खिडकीशी गेलो, तिथून परत घोड्याशी आलो. हात खिशात होते, डोळे मोकळे होते, म्हणून मी चिठ्ठ्या वाचत सुटलो. वाचनात मन रमतं, धंदाच तो. 'खिडकी-ताई'. 'खोकला'. 'स्टोअर'. आणि अगदी खाली, रस्त्याखाली जाणाऱ्या जुन्या केबलीवर, उन्हानं नव्हे तर वर्षांनी पिवळी पडलेली एक चिठ्ठी. बाकीच्या चिठ्ठ्या काका दर वर्षी नव्या करतात हे मला माहीत होतं. माणूस बदललं की त्याच दिवशी बदलतात.

"'साडू'," मी मोठ्यानं वाचलं. "काका, ही एवढी जुनी कशी?"

काकांनी खाली वाकून चिठ्ठीकडे पाहिलं, अंगठ्यानं तिचा निघालेला कोपरा दाबून बसवला. मग खुर्ची पुढे ओढली आणि कळफलकावर एक शब्द खोडून त्या जागी दुसरा लिहिला.

दुसरा दिवा हिरवा झाला. मग तिसरा. चौथ्यानं जरा वेळ घेतला, आणि तोही झाला.

मी खिडकीकडे पाहिलं. पलीकडची पाठ ताठ झाली होती. त्यांच्या पडद्यावरही ते उमटलं असणार, की समोरून आपणहून विचारणा आली आहे. पाठ उठली, वळली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला चेहरा आला. थोड्याच वेळात काकांच्या टेबलावरचा फोन वाजला. काकांनी तो चारदा वाजू दिला.

"हूं," ते फोनमध्ये म्हणाले.

पलीकडून काही तरी बराच वेळ चाललं होतं.

"हूं." मग, "हूं." मग घसा खाकरून, "उपटलीत ते कळलं."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चांगलं केलंत, भाऊ." आणि आणखी थोड्या वेळानं, "नवी कुठल्या भिंतीवरून नेलीत?"

मी खोलीबाहेर जाऊन जिन्यावर बसलो. आत काकांचे हूं चालू होते, पण ते चारही प्रकारांत बसत नव्हते.

सोमवारी मी नऊलाच हजर. अंगातली घाई जाईना म्हणून खिडकी-ताईंच्या मागे लागून एक नकाशा छापखान्यात पाठवायला लावला. घड्याळ लावून बसलो. पान पोचायला तेवढाच वेळ लागला, जेवढा पूर्वी सकाळी एकट्यानं पाठवलं तर लागायचा. धावत जिन्याखाली गेलो.

"काका, काही फरक नाही."

"किती जणांनी पाठवलं?"

"एकीनं."

"एकटीचं पान एकाच केबलीनं जातं. वेग तोच."

"मग चार कशाला बांधल्या?"

"अकरा जणांसाठी," काका म्हणाले आणि डबा कपाटात ठेवला.

दहा वाजता मॅनेजरबाई नकाशांच्या खोलीत येऊन दाराशी उभ्या राहिल्या. काका त्यांच्या मागे, मी काकांच्या मागे. अकरा जणांनी एकदम पानं सोडली. डोंगर, नद्या, वाळवंटं, पावसाचे पट्टे, सगळं जग आमच्या रस्त्याखालून निघालं. एरवी या वेळी खोलीत "तुझं झालं का, मग मी पाठवू?" असा लिलाव चालतो. आज कुणी काही बोलेना. खिडकी-ताई म्हणाल्या, "माझं गेलं." दुसऱ्या टोकाकडून, "माझंही." मग तिघी एकदम. एकीनं तोवर चहा ओतून घेतला होता. तो गरम असतानाच तिचं दुसरं पानही गेलं. थोड्या वेळानं रस्त्यापलीकडे मशीन सुरू झाल्याची धडधड आली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

बाईंनी खिडकीतून पाहिलं. छापखान्याच्या खिडकीत एक माणूस आमच्याकडे तोंड करून बसला होता आणि त्यानं हात वर केला. बाईंना वाटलं त्यांनाच केला. त्यांनीही केला.

"झालं का?" त्यांनी काकांना विचारलं.

"हूं." आखूड.

"मग ती किल्ली द्या परत."

काकांनी खिशातून किल्ली काढून दिली. बाई निघून गेल्या. कुणी काकांना काही म्हटलं नाही, कारण काय झालं होतं ते कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी आज काहीच अडलं नव्हतं, एवढंच. काका जिन्याखाली गेले.

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. ते घोड्याशी उकिडवे बसून नव्यानं जोडलेल्या तीन केबलींना चिठ्ठ्या लावत होते. तिन्हींवर 'साडू'. जुनी पिवळी चिठ्ठी तशीच होती. मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी म्हटलं, "काका, एक विचारू? त्या मंगळवारी बाईंनी विचारलं, तेव्हा माझं नाव का नाही सांगितलंत? तुमची बावीस वर्षं पणाला लागली होती. मी कोण तुमचा?"

काकांनी चिठ्ठीवरून अंगठा फिरवला, ती नीट चिकटल्याची खात्री केली आणि मान वर न करता म्हणाले,

"नाव सांगितलं असतं तर तुम्हाला स्टोअरमध्ये बसवलं असतं, आणि तिथंही माझी एक पेटी आहे."